मुंबईत वाइन आणि खाण्याच्या टेस्टिंगला जाताना: आदल्या आठवड्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत

माझ्या पहिल्या टेस्टिंगमधलं मला काहीच आठवत नाही, आणि त्याचं वाईट अजून वाटतं. ऑफिसातून थेट गेले होते. दुपारच्या डब्यानंतर पोटात फक्त चहा होता. तासाभरात अकरा वाइन चाखल्या, प्रत्येक स्टॉलवर मान डोलावली, आणि घरी आले तेव्हा त्यातल्या एकीचीही चव सांगता येत नव्हती. माझे मामा दिंडोरी तालुक्यात द्राक्षं लावतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी, मधे भुरी आणि डाऊनी या रोगांची धास्ती, घड भरत आले की अवकाळीची. एका ग्लासामागे असं एक अख्खं वर्ष असतं हे मला माहीत होतं, तरी मी अकरा बागांचं वर्ष तासाभरात गिळून आले.

त्यानंतर मी बऱ्याच टेस्टिंगला गेले आणि हळूहळू एक पद्धत बसली. ती इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशा ठिकाणी आपली मराठी माणसं फार बिचकून वागताना मी पाहिली आहेत. शेजारचा माणूस परदेशी फळांची नावं घेतो आणि आपल्याला वाटतं, आपल्याला यातलं कळत नाही. खरं तर आपली जीभ लहानपणापासून तयार झालेली असते. वाइनच्या जगात ज्याला टॅनिन म्हणतात त्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा साधा, रोजचा शब्द आहे. आवळा, जांभूळ, कच्चं केळं, सुपारी या सगळ्यांत तो आपल्याला भेटतो. आयुर्वेदाने सहा रसांत कषाय म्हणजे तुरट रस वेगळा मोजला आहे. आपल्या शब्दांत चाखायचं एवढं ठरवलं की निम्मी भीती जाते.

कुठल्या कार्यक्रमाला जायचं

मुंबईत तीन प्रकारचे कार्यक्रम होतात. एक मोठा, मोकळ्या मैदानातला किंवा हॉलमधला, जिथे वीस-पंचवीस स्टॉल, गाणी, गर्दी असते. दुसरा हॉटेलातला, बसून जेवायचा, ज्यात चार-पाच पदार्थ आणि प्रत्येकासोबत एक वाइन येते. तिसरा छोटा, दहा-पंधरा जणांचा, जिथे वायनरीचा, म्हणजे वाइन बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस किंवा शिकवणारी व्यक्ती सोबत बसून चाखायला लावते. पहिल्यांदा जाणार असाल तर तिसरा निवडा, तो नाही मिळाला तर दुसरा. मैदानातला मेळावा मजेचा असतो, पण तिथे शिकायला आधी थोडं येत असावं लागतं.

हंगाम साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. पाऊस संपलेला, हवा जरा कोरडी, आणि जानेवारी ते मार्च नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते. त्या दिवसांत स्टॉलवर येणारी माणसं बागेतून आलेली असतात, त्यांच्या बोलण्यात ताजेपणा असतो. श्रावणात आपल्यातले अनेक जण पाळतात. चौघांचा ग्रुप जमवायचा असेल तर तारीख ठरवताना संकष्टी, एकादशी, श्रावण पाहून घ्या, नाहीतर ऐन वेळी दोघं गळतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या सुमाराला कोरडे दिवस म्हणजे ड्राय डे असतात, तेव्हा निवडणुकीच्या मोसमात तिकीट काढण्याआधी विचारा.

तिकीट काढताना आयोजकांना फोन करून पुढचं विचारायला अजिबात संकोचू नका. वाइन किती आणि प्रत्येकीची मात्रा किती? खाणं तिकिटात आहे की कूपन वेगळं घ्यायचं? करासकट किंमत किती? शाकाहारी आणि जैन पदार्थ वेगळे ठेवतात का? घोट चाखून थुंकायची सोय आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून फोनवरचा माणूस गोंधळला, तर समजा की तो कार्यक्रम पिण्याचा आहे, चाखण्याचा नाही.

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं पूर्ण अशी आहे, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवा. मद्य पिण्यासाठी राज्यात परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा असतो आणि बहुतेक आयोजक तो तिथेच देतात. तेही फोनवरच विचारून घ्या.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट जास्त आवर्जून सांगते, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. वाइन द्राक्षांचीच असली तरी ती नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, दुधातलं केसिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ वापरतात. बेंटोनाइट नावाची माती वापरूनही तेच काम होतं. बाटलीत यातलं जवळजवळ काही उरत नाही, पण ज्यांना हे चालत नाही त्यांनी स्टॉलवर सरळ विचारावं, ‘ही कशाने नितळ केली?’ चांगला वायनरीवाला लगेच सांगतो.

आदल्या आठवड्यात लालबागला जा

ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती, मी स्वतःच शोधली आणि आता कधी चुकवत नाही. टेस्टिंगच्या आधीच्या शनिवारी सकाळी लालबागच्या मसाला गल्लीत जा. मिरी, लवंग, जायफळ, दालचिनी, धणे यांचे चार-चार दाणे हातात घेऊन चुरडा आणि वास घ्या. मग दादरच्या फूलबाजारात सोनचाफा आणि मोगरा. फळवाल्याकडे पिकलेला पेरू, अननस, मिळालंच तर जांभूळ. घरी आल्यावर ढोबळी मिरची मधोमध कापून नाकाजवळ धरा.

हा नुसता खेळ नाही. शिराझ नावाच्या तांबड्या वाइनला मिरीचा वास येतो, कारण मिरीतला वास ज्या रसायनाचा, ते रोटंडोन शिराझच्या सालीतही असतं. कॅबरने सोव्हिन्यॉन या दुसऱ्या तांबड्या वाइनला कधी कधी ढोबळी मिरचीचा वास येतो, तोही दोन्हींत असलेल्या एकाच जातीच्या रसायनांमुळे, त्यांना पायराझीन म्हणतात. सोव्हिन्यॉन ब्लांक या पांढऱ्या वाइनला पेरूचा आणि कापलेल्या गवताचा वास येतो. व्हिओनिए या दुसऱ्या पांढरीला सोनचाफ्याच्या जवळ जाणारा. लाकडी पिंपात ठेवलेल्या वाइनला लवंग, व्हॅनिला, जायफळ. हे सगळे वास तुमच्या स्वयंपाकघरात आणि बाजारात आहेत, फक्त मनात त्यांची नावं ताजी हवीत. नाक वास ओळखतं, पण नाव विसरतं. लालबागची फेरी ते नाव जागं करते.

त्या दिवशी

जाण्याच्या दीड-दोन तास आधी नीट जेवा. वरण-भात-तूप, पोळी-भाजी, दहीभात, काहीही, पण तिखट आणि तळकट जास्त नको. रिकाम्या पोटी दारू रक्तात फार लवकर चढते आणि तिसऱ्या घोटानंतर नाक काम करेनासं होतं. दिवसभर पाणी प्या. मुंबईच्या दमट हवेत घामाने आपण आधीच कोरडे पडलेले असतो.

निघण्याच्या तासभर आधीपासून पुदिन्याची टूथपेस्ट, बडीशेप, पान, च्युइंगगम, कॉफी टाळा. अत्तर, सेंट, सुगंधी तेल अजिबात नको. बायकांना मी गजरा माळू नका असंही सांगते. मला स्वतःला गजरा अतिशय आवडतो, पण मोगऱ्याच्या दरवळात तुम्हालाच नाही, शेजारच्या चौघांनाही वाइनचा वास येत नाही. लिपस्टिक लावली तर ग्लासाच्या कडेवर तिची चव बसते. कपडे गडद रंगाचे घाला. तांबड्या वाइनचा डाग पडलाच तर घासू नका. कोरड्या फडक्याने टिपा, मीठ भुरभुरा, घरी गेल्यावर थंड पाण्यात भिजवा.

गाडी घरी ठेवा. हे मी विनंती म्हणून सांगते आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याने पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाचं सोडाच, आठ वाइनचे प्रत्येकी ४० मिलिलिटर घोट गिळले तर ३२० मिलिलिटर होतात, म्हणजे ७५० च्या बाटलीतला दोन-पंचमांशापेक्षा जास्त भाग. थोडं थोडं प्यायल्याने ते जाणवत नाही, रस्त्यावर मात्र त्याचा परिणाम पुरेपूर असतो. जाताना लोकल, येताना टॅक्सी किंवा रिक्षा. लोकलनेच परतणार असाल तर शेवटच्या गाडीवर विसंबू नका, दोन गाड्या आधीची धरा.

मधुमेह, पोटाचे विकार असलेले, झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. मेट्रोनिडाझोलसारख्या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर तो संपून दोन-तीन दिवस होईपर्यंत थांबा. गरोदर बायकांनी वाइन घेऊ नये. आणि कुणाला प्यायचंच नसेल, तरी अशा कार्यक्रमाला यावंसं वाटत असेल तर जरूर यावं. माझी मोठी बहीण येते. ती फक्त वास घेते आणि खाते, आणि आमच्या ग्रुपमधलं सगळ्यात तल्लख नाक तिचंच आहे. ‘एक घोट घे गं, काही होत नाही’ असं कुणी कुणाला म्हणू नये.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

ग्लास हातात मिळाला की लगेच भरून घेऊ नका. आधी ग्लासाचा वास घ्या. साबणाचा, फडक्याचा, पेटीतल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बदलून मागा, किंवा पहिल्या वाइनचे दोन थेंब घालून खळबळून टाकून द्या. मग एक पूर्ण फेरी मारा, काही न चाखता. कोण कोण आलं आहे, कुठल्या वाइन आहेत, पाणी कुठे, पिकदाणी कुठे, बसायला जागा कुठे, हे बघा. बऱ्याच ठिकाणी पिकदाणी टेबलाखाली ठेवलेली असते, मागितली की वर येते.

आता ठरवा: सहा, फार तर आठ. क्रम असा ठेवा: आधी फसफसणारी, मग हलकी पांढरी, मग भारी पांढरी, गुलाबी, हलकी तांबडी, भारी तांबडी, आणि सगळ्यात शेवटी गोड. उलटं केलं तर तुरट तांबडीनंतर पांढरी पाण्यासारखी लागते, आणि गोड चाखल्यावर पुढची प्रत्येक वाइन आंबट लागते. मला विचाराल तर पहिल्या वेळी एकच गोष्ट धरून बसा. उदाहरणार्थ, फक्त तीन वायनरींची शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन. एकच जात, तीन हात. त्यातून जेवढं कळतं तेवढं पंधरा वेगवेगळ्या वाइनमधून कळत नाही.

तापमानाकडे लक्ष ठेवा. मुंबईत ही फार मोठी अडचण आहे. परदेशी पुस्तकं सांगतात की तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्या, पण त्या खोल्या १६ ते १८ अंशांच्या. आपली खोली २८-३० अंशांची. त्या उष्णतेत तांबडी वाइन स्पिरिटसारखी नाकात चढते आणि लोकांना वाटतं वाइनच वाईट. बाटली उन्हाच्या बाजूला उभी दिसली तर नम्रपणे सांगा: ‘दादा, ही जरा दहा मिनिटं बर्फात ठेवता का? मी परत येते.’ कुणी नाही म्हणत नाही. पांढरी ८ ते १२ अंशांना, फसफसणारी त्याहून थंड.

चाखायचं कसं

ग्लास दांडीला धरा, पोटाला नाही. हाताची ऊब वाइनला लागते. पांढऱ्या कागदावर किंवा रुमालावर ग्लास तिरका करून रंग बघा. पांढरी वाइन जुनी होते तशी सोनेरी, मग तपकिरीकडे झुकते. तांबडी तरुण असताना जांभळट असते आणि वयानुसार विटकरी होत जाते. दोन वर्षांची पांढरी वाइन मधासारखी गडद दिसली तर ती उन्हात राहिली असेल, असा संशय घ्यायला हरकत नाही.

न हलवता एकदा वास घ्या. मग ग्लास टेबलावर ठेवून दोन-तीन वेळा गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी वास उघडतो. इथे घाई करू नका. चवीचा बराचसा भाग नाकातूनच येतो, हे सर्दीत जेवताना आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. मनात पहिला जो शब्द येईल तो लिहा. आजीच्या फडताळाचा, शेवग्याच्या फुलांचा, गुळाच्या ढेपेचा, ओल्या मातीचा, काहीही चालेल. तो शब्द चूक असूच शकत नाही, कारण तो तुमच्यासाठी आहे. मी एकदा एका शिराझपुढे ‘कोळशावर भाजलेलं वांगं’ असं लिहिलं. ती वाइन तशी आठवते, बाकीच्यांच्या वहीतल्या ‘स्मोकी’पेक्षा कितीतरी नेमकी.

काही वास मात्र बिघाड सांगतात आणि ते ओळखणं मुंबईकराला सोपं आहे. जुलैत न वाळलेल्या कपड्यांचा, बंद कपाटातल्या ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचात दोष आहे. त्याला कॉर्क टेंट म्हणतात; तो प्यायल्याने अपाय होत नाही, पण वाइनचा सगळा फळांचा सुवास तो खाऊन टाकतो. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला तर वाइन आंबली आहे. दोन्ही वेळा दुसरी बाटली उघडायला सांगणं हा उद्धटपणा नाही. चांगल्या वायनरीला ते कळायला हवंच असतं.

आता घोट. छोटा, चमचाभर. तोंडात सगळीकडे फिरवा आणि पाच गोष्टींकडे एकेक करून लक्ष द्या. गोडी जाणवते का? आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं का? ते सुटत राहिलं तर वाइन ताजीतवानी आहे. तुरटपणाने हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते का? टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं म्हणून तसं होतं, जांभूळ खाल्ल्यावर होतं तसंच. घशात ऊब किती? आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहते? मनातल्या मनात आकडे मोजा. पाचच्या आत संपली तर साधी, दहाच्या पुढे गेली तर तिच्यापाशी थांबा.

थुंकण्याबद्दल. आपल्याकडे चारचौघांत थुंकणं असभ्य मानतात आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे इथे संकोच होतो. पण टेस्टिंगमध्ये व्यवसायातली सगळी माणसं थुंकतात. दिवसाला पन्नास वाइन तपासणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो. रिकामा कागदी कप हातात ठेवा, त्यात हळूच टाका, मग पिकदाणीत ओता. सगळ्यात आवडलेल्या दोनच वाइन गिळायच्या, असा माझा नियम आहे.

दोन वाइनच्या मधे पाण्याचा घोट आणि साध्या पावाचा तुकडा. मुंबईत पाव सगळीकडे मिळतो, लादी पावाचा आतला मऊ भाग याला उत्तम.

खाणं

माझ्यासाठी कार्यक्रमाचा सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. चीज आणि क्रॅकर बऱ्याच ठिकाणी ठेवलेले असतात. ते चांगलेच असतात, पण आपण रोज ते खात नाही. आपल्याला हवं असतं ते बोंबील, कोथिंबीर वडी, मटणाचं सुकं यांच्यासोबत काय जाईल याचं उत्तर.

पद्धत सोपी आहे. आधी वाइनचा घोट, मग पदार्थाचा घास, मग पुन्हा त्याच वाइनचा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला तर जोडी जमली. वाइट लागला तर वाइन किंवा पदार्थ यांपैकी कुणीतरी दुसऱ्याला मारतंय.

मीठ आणि आंबट यांची ताकद बघायची असेल तर एक छोटा प्रयोग करा. तुरट तांबडी वाइन प्या, मग लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा, पुन्हा तीच वाइन प्या. ती एकदम मवाळ आणि फळांसारखी लागते. मीठ कडूपणा दाबतं, आणि पदार्थातल्या आंबटापुढे वाइनचा आंबटपणा कमी भासतो. म्हणूनच खारे शेंगदाणे आणि पापड तांबडीसोबत इतके जमतात.

उलट, तिखट वाढलं की अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही आग लावतात. तांबड्या रश्श्यासोबत भारी कॅबरने घेऊन पाहा, दोन्ही वाया जातात. तिखटाला थोडी गोडी आणि थंडपणा हवा: किंचित गोडसर शेनिन ब्लांक किंवा थंड गुलाबी झिनफँडेल. काळ्या मसाल्याचं मटण सुकं, पण मिरची बेताची असेल, तर शिराझ छान जाते, कारण मसाल्यातली मिरी-लवंग आणि वाइनमधली मिरी एकमेकींना ओळखतात.

रव्यात घोळवून तळलेले कुरकुरीत बोंबील आणि फसफसणारी कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइन ही माझ्या मते मुंबईची सगळ्यात सुंदर जोडी आहे. बुडबुडे आणि आंबटपणा तेल कापून काढतात आणि आतला मऊ, पाणीदार मासा तसाच राहतो. बटाटेवड्यालाही तीच लावून बघा. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यॉन ब्लांक. दोघीही हिरव्या वासाच्या. नारळाच्या दुधातल्या कोळंबीच्या कालवणाला व्हिओनिए किंवा भारी शेनिन. वांग्याच्या भरताला पिंपातली शिराझ. साली बोटी या पारशी मटणाच्या आंबटगोड रश्श्याला मध्यम तांबडी.

माशांसोबत तांबडी घ्यायची नाही हा नियम ऐकलेला असतो, कारण मात्र कुणी सांगत नाही. तांबड्या वाइनमध्ये बहुधा लोह जास्त असतं, आणि लोहाची माशाच्या चरबीशी गाठ पडली की तोंडात हिंवस, धातूसारखी चव राहते. बांगडा, सुकट, सोडे अशा उग्र मत्स्यगंधात हे फार ठळक जाणवतं. तेव्हा कोळी पद्धतीचं जेवण असेल तर पांढरी किंवा फसफसणारी.

पुरणपोळी, मोदक, श्रीखंड यांच्यासोबत कोरडी वाइन कधीच नको. गोडाच्या घासानंतर ती नुसती आंबट लागते. वाइन पदार्थाइतकी तरी गोड असावी लागते. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन मिळाली तर घ्या. लोणचं आणि ठेचा टेस्टिंग संपेपर्यंत दूर ठेवा. सोलकढी मला जीव की प्राण, पण तीही शेवटी. कोकम, लसूण आणि नारळ मिळून जिभेवर एक थर बसतो, त्यानंतर काही कळत नाही.

वांद्रे, गोराई, उत्तन, वसई इथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या पदार्थांचा स्टॉल दिसला तर तिथे जास्त वेळ द्या. या घरांत नाताळ आणि लग्नकार्यांसाठी द्राक्षांची, जांभळाची वाइन पिढ्यान्‌पिढ्या घरीच घालतात. बॉटल मसाल्यातलं त्यांचं मटण आणि घरची थोडी गोडसर वाइन, ही जोडी कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. वाइन मुंबईत परवा-परवा आली असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथल्या एखाद्या मावशीशी दहा मिनिटं बोलावं.

स्टॉलवर काय बोलायचं

‘ही चांगली आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. विचारा: द्राक्षं स्वतःच्या बागेतली की शेतकऱ्यांकडून घेतलेली? कुठल्या गावची? कुठल्या वर्षीची तोडणी? लाकडी पिंपात ठेवली का, किती महिने? तुम्ही स्वतः घरी ही कशासोबत पिता? शेवटच्या प्रश्नाला हमखास खरं उत्तर येतं.

थोडी पार्श्वभूमी माहीत असली की गप्पा रंगतात. १९८० च्या दशकात नारायणगावजवळ शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या मदतीने फसफसणारी वाइन बनवायला घेतली. २००० साली राजीव सामंत यांच्या सुला या वायनरीची नाशिकची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्ली या वायनरीने सांजोव्हेझेसारख्या इटालियन जाती लावल्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हिवाळ्यात रात्री गार असतात, म्हणून द्राक्षात साखर चढत असताना आंबटपणा टिकतो.

अनेकांना वाटतं की खायच्या द्राक्षांचीच वाइन होते. आपण खातो ती थॉमसन, सोनाका, शरद मोठी, पातळ सालीची आणि बिनबियांची. वाइनची द्राक्षं छोटी, जाड सालीची, बियांची. रंग, वास आणि तुरटपणा बहुतांशी सालीत आणि बियांतच असतो. शक्य झाल्यास स्टॉलवरच्या माणसाला एखादा घड दाखवायला सांगा, तोडणीच्या दिवसांत काही जण घेऊन येतात.

आवडली नाही तर तसं सांगा, सौम्य शब्दांत. ‘मला जरा जास्त तुरट वाटली’ एवढं पुरे. एका वायनरीच्या तरुण मुलाला मी असं म्हटलं तर तो म्हणाला, ‘ताई, अजून सहा महिने थांबा मग, मीही घाबरतच आणली आहे.’ त्या दिवसातला सगळ्यात प्रामाणिक संवाद तो होता.

वही

मोबाइलवर फोटो काढा, पण नोंद हाताने करा. चार ओळी पुरतात: नाव आणि वर्ष, मनात आलेला पहिला वास, तोंडातलं सगळ्यात ठळक काय, कशासोबत चांगली लागली. शेवटी एकच खूण: पुन्हा विकत घेईन की नाही.

विकत घेताना आणि घरी आल्यावर

तिथल्या तिथे पेटी घेऊ नका. सहाव्या वाइननंतर सगळं आवडतं. वहीत खूण असलेल्या दोन बाटल्या, दुसऱ्या दिवशी, दुकानातून घ्या. घेताना वर्ष बघा. आपल्या बहुतेक पांढऱ्या आणि साध्या तांबड्या वाइन तरुणपणीच प्यायच्या असतात, दोन-तीन वर्षांत. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन असा गैरसमज काढून टाका. आपल्या हवेत ते बुचापेक्षा जास्त भरवशाचं आहे. दुकानात बाटली खिडकीतल्या उन्हात उभी असेल तर तिथून घेऊ नका, मग ती कितीही सवलतीत असो.

घरी ती माळ्यावर, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या वर ठेवू नका. मुंबईतल्या छोट्या घरात सगळ्यात गार कोपरा बहुधा पलंगाखालचा किंवा आतल्या कपाटातला खालचा कप्पा असतो. मे महिन्यात तोही तापतो, तेव्हा सरळ फ्रिजमध्ये. तांबडीसुद्धा प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, आणि पांढरी दोन-तीन तास.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस राहते, फसफसणारी एखाद-दोन दिवस. माझ्याकडे उरली की पहिल्या संध्याकाळी अर्धा ग्लास वहीसमोर ठेवून पुन्हा चाखते आणि कालच्या नोंदीखाली दुसऱ्या शाईत लिहिते. गर्दीत न सापडलेला एखादा वास घरच्या शांततेत हमखास सापडतो. चौथ्या दिवशी तांबडी थोडी उरलीच, तर ती रविवारच्या मटणात, कांदा खरपूस परतल्यावर आणि मसाला घालण्याआधी, पळीभर घालून मोठ्या आचेवर आटवायची.